उभे पुतळे पुरे झाले, आता आडवे द्या!

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर देणगीचे आवाहन आले की यादी ठरलेली असते. प्रवेशद्वाराची कमान, सभागृहाच्या खुर्च्या, संस्थापकांचा अर्धपुतळा, क्रीडा महोत्सवाचा फिरता चषक. अमेरिकेत शिकलेल्या किंवा ज्यांची मुले तिथे शिकत आहेत अशा वाचकांना हीच यादी जरा वेगळ्या रूपात मिळते: नवा स्कोअरबोर्ड, खेळाडूंची लॉकर रूम, नाव कोरलेली वीट. तिथल्या यादीत तळाशी कधीतरी एक ओळ असते, ‘ॲथलेटिक ट्रेनिंगच्या प्रयोगशाळेसाठी साहित्य’. मागणी असते काही हजार डॉलरची. बहुतेक जण ती ओळ न वाचताच पुढे जातात.

आजचा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. खेळाच्या नावाने तुम्हाला पैसे द्यायचेच असतील तर पहिला रुपया किंवा पहिला डॉलर या प्रयोगशाळेला द्या. चषक, कमान, स्कोअरबोर्ड नंतर. आणि तिथेही चकचकीत मशीनला देऊ नका. विद्यार्थ्यांचे हात ज्यावर तयार होतात त्या साध्या, रोज झिजणाऱ्या साहित्याला द्या. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. त्यामागे शरीरशास्त्र आहे, आणि ते समजून घेतले तर तुम्हीही हेच म्हणाल असे मला वाटते.

ॲथलेटिक ट्रेनर म्हणजे कोण?

‘ट्रेनर’ म्हटले की आपल्याला जिममध्ये डंबेल्स मोजणारा माणूस आठवतो. अमेरिकेतला ॲथलेटिक ट्रेनर वेगळा. तो आरोग्य व्यावसायिक असतो. खेळाडूंच्या दुखापती टाळणे, झाल्यास मैदानावर पहिले उपचार करणे, खेळाडूला पुन्हा खेळायला तयार करणे आणि ‘आज तू खेळणार नाहीस’ हे प्रशिक्षकाच्या तोंडावर सांगणे, ही त्याची कामे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या पेशाला आरोग्यसेवेतला पेशा म्हणून मान्यता दिली. आता तिथे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला पदव्युत्तर पदवी घ्यावी लागते.

हा माणूस काय करू शकतो ते जगाने २ जानेवारी २०२३ च्या रात्री पाहिले. सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होता. बफेलो बिल्स संघाच्या डमार हॅमलिन या २४ वर्षांच्या खेळाडूच्या छातीवर टक्कर बसली. तो उठून उभा राहिला आणि लगेच मागे कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी काही सेकंदांतच त्याची छाती दाबायला, म्हणजे सीपीआर द्यायला सुरुवात केली. विजेचा झटकाही मैदानावरच दिला गेला. हॅमलिन वाचला, आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरला.

पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. हॅमलिनने २०२० मध्ये गरीब मुलांना खेळणी देण्यासाठी इंटरनेटवर एक छोटा निधी सुरू केला होता. त्याचे लक्ष्य होते २,५०० डॉलर. तो कोसळल्यावर हेलावलेल्या लोकांनी काही दिवसांत त्यात ८० लाख डॉलरहून अधिक रक्कम टाकली. लोकांचे मन मोठे होते, याबद्दल दुमत नाही. मुलांना खेळणी मिळाली याचाही आनंदच आहे. पण पैसा वाहतो कुठे ते यातून कळते. चेहरा दिसला की पाकीट उघडते. त्या चेहऱ्यामागचे हात जिथे घडतात त्या खोलीला मात्र चेहरा नसतो. अशा खोल्यांसाठी विद्यार्थी टी-शर्ट विकतात, गाड्या धुऊन देतात, केक करून विकतात.

दुर्मीळ म्हणूनच सराव

आता तुम्ही म्हणाल, ‘डॉक्टर, असे प्रसंग घडतात तरी किती?’ प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळाडूंच्या अभ्यासांत हृदयक्रिया अचानक थांबून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वर्षाला साधारण ५० हजार खेळाडूंमागे एक असे आढळले आहे. म्हणजे घटना दुर्मीळच.

पण याच आकड्याचा दुसरा अर्थ पाहा. आमच्या क्षेत्रात बाकीच्या गोष्टी विद्यार्थी रुग्णांवर, वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकतो. रक्तदाब मोजायला शिकायचे तर वॉर्डात शंभर दंड उपलब्ध असतात. मैदानावर कोसळलेला तरुण मात्र शिकण्यासाठी उपलब्ध नसतो. ॲथलेटिक ट्रेनरच्या आयुष्यात तो प्रसंग कदाचित एकदाच येईल, तोही सूचना न देता. तेव्हा पहिल्याच वेळी बरोबर करावे लागते. त्यामुळे तो प्रसंग आधी शंभर वेळा खोटा खोटा घडवून आणणे एवढाच मार्ग उरतो, आणि खोटा प्रसंग घडवायला साहित्य लागते. साहित्य नसेल तर विद्यार्थी पुस्तकातली पायरी पाठ करतो, परीक्षेत लिहितो, पास होतो, आणि मैदानावर गोठतो.

हातांना काय शिकवावे लागते?

तीन उदाहरणे घेऊ.

पहिले हृदयाचे. हृदय थांबल्यावर मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार-पाच मिनिटांत त्याची हानी सुरू होते. सीपीआर आणि विजेचा झटका यांविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची असते. वाचायला सोपे आहे. करून पाहा. नवशिक्याचे हात बहुतेक वेळा कमी खोल जातात, कारण ‘बरगडी मोडेल’ ही भीती असते. दोन मिनिटांत माणूस दमतो आणि दाब उथळ होतो, तरी त्याला स्वतःला ते कळत नाही. खोली आणि वेग दाखवणाऱ्या डमीवर, म्हणजे त्या आडव्या पुतळ्यावर सराव केल्याशिवाय हे हाताला उमगत नाही.

त्यात आणखी एक मेख आहे. हृदय थांबलेला खेळाडू नेहमी शांत पडून राहत नाही. तो काही क्षण झटके देतो, मधूनच धाप लागल्यासारखा श्वास ओढतो. बघणाऱ्याला वाटते फिट आली आहे, किंवा श्वास तर चालू आहे. इथेच मौल्यवान मिनिटे जातात. खेळाडू कुणाचा धक्का न लागता अचानक कोसळला आणि प्रतिसाद देत नसेल, तर हृदय थांबले आहे असे धरूनच कामाला लागायचे, ही सवय रंगीत तालमीतून येते. विजेचा झटका देणारे एईडी हे यंत्र बोलून सूचना देते, ते अगदी सोपे आहे. पण ओल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत, छाती आधी पुसावी लागते, जर्सी कापायला कात्री हाताशी हवी, हे खऱ्या प्रसंगात पहिल्यांदा कळून उपयोग नाही. त्यासाठी सरावाचे एईडी मिळते. ते झटका देत नाही, फक्त बोलते.

दुसरे उदाहरण उष्माघाताचे. उन्हात जोरदार व्यायाम करताना शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेले आणि खेळाडू असंबद्ध बोलू लागला, चिडू लागला, अडखळू लागला, तर तो श्रमजन्य उष्माघात समजावा. अशा वेळी त्वचा कोरडी असतेच असे नाही. घामाने निथळतही असते. कपाळावर, काखेत किंवा तोंडात लावलेला थर्मामीटर इथे फसवतो. खरे तापमान गुदमार्गातूनच कळते. उपचार एकच: बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात मानेपर्यंत बुडवणे, तेही अर्ध्या तासाच्या आत. तापमान ३९ अंशांच्या खाली आल्यावर रुग्णालयात न्यायचे. आधी थंड करा, मग हलवा, हा नियम. अमेरिकेतल्या फालमाउथ इथल्या रस्ता शर्यतीत १८ वर्षांत अशा उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर याच पद्धतीने उपचार झाले. त्यातला एकही दगावला नाही.

तिसरे मानेचे. डोक्यावर किंवा मानेवर पडलेल्या खेळाडूला चार-सहा जणांनी एका हुकमावर, मान आणि धड एका रेषेत ठेवून वळवायचे असते. कोणी डोके धरायचे, हुकूम कोणी द्यायचा, हेल्मेट आणि खांद्याचे पॅड कसे काढायचे, हे सगळे संघाने मिळून करायचे काम आहे. व्हिडिओ पाहून पोहता येत नाही, तसेच हेही येत नाही.

साधन आहे, पण हात कुठे आहेत?

श्रीमंत विद्यापीठांत तरी हा प्रश्न नसेल, असे तुम्हाला वाटेल. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठात फुटबॉल संघाचा सराव चालू होता. ११० यार्डांच्या धावा काढताना जॉर्डन मॅकनेअर या १९ वर्षांच्या खेळाडूला उष्माघात झाला. नंतरच्या चौकशीत दिसले ते असे: त्याचे आतले तापमान मोजले गेले नाही, त्याला थंड पाण्यात बुडवले गेले नाही, आणि लक्षणे दिसू लागल्यानंतर आपत्कालीन सेवेला फोन जायला सुमारे तास लागला. १३ जूनला तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे जबाबदारी स्वीकारली. २०२१ मध्ये त्याच्या कुटुंबाशी ३५ लाख डॉलरची तडजोड झाली.

त्याला हवे होते काय? एक थर्मामीटर, एक मोठा टब, पाणी आणि बर्फ. मोठमोठी स्टेडियम बांधणाऱ्या विद्यापीठीय फुटबॉलच्या जगात यातली कोणतीही गोष्ट महाग नव्हती. म्हणून ‘साहित्य घेतले, काम झाले’ या समजुतीशी माझे भांडण आहे. गोदामातला टब कुणाला वाचवत नाही. आधी अनेकदा भरलेला, ज्यात वर्गातल्या सर्वांत धिप्पाड मुलाला उचलून ठेवण्याची तालीम झाली आहे, तोच टब त्या दिवशी धावत आणला जातो. गुदमार्गातून तापमान घ्यायला विद्यार्थी लाजतात, प्रशिक्षक कचरतात, खेळाडू नकार देतात. ती लाजही प्रयोगशाळेत, डमीवर शिकतानाच घालवावी लागते.

पैसे जातात कुठे?

आता थोडे कटू बोलतो. दोष एकट्या देणगीदारांचा नाही. विद्यापीठेही निधी गोळा करताना दिखाऊ वस्तू पुढे करतात. पाण्याखालची ट्रेडमिल, स्नायूंची ताकद मोजणारी संगणकीय खुर्ची, अतिथंड हवेची कॅबिन, नव्या मॉडेलचे अल्ट्रासाउंड. अशा मशीनचा फोटो छान येतो. त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. काहींचा शिकवण्यात खरोखर उपयोग आहे, हे मान्य. पण काहींच्या उपचारमूल्याबद्दलचा पुरावाच कमकुवत आहे. मऊ ऊतींच्या दुखापतींवर वर्षानुवर्षे फिरवले गेलेले उपचारात्मक अल्ट्रासाउंड हे त्यातलेच एक.

उलट डमीच्या आतली बदलायची फुप्फुसे, एईडीचे सरावाचे पॅड, बॅटऱ्या, फ्रॅक्चरला बांधायच्या पट्ट्या, घोट्याला गुंडाळायची चिकटपट्टी, यांचा फोटो कोण काढणार? घोटा नीट बांधायला शिकायचे तर विद्यार्थ्याला तो कितीतरी वेळा बांधून सोडावा लागतो, आणि एकदा सोडलेली पट्टी कचऱ्यात जाते. हा खर्च दर सत्रात परत येतो. देणगी मात्र एकदाच येते. म्हणून अनेक ठिकाणी असे होते की मशीन आले, उद्घाटन झाले, आणि दोन वर्षांनी सुट्या भागांवाचून ते कोपऱ्यात पडले. आपल्याकडे सरकारी इस्पितळात धूळ खात पडलेले व्हेंटिलेटर पाहिलेल्यांना हे नव्याने सांगायला नको.

साधा हिशेब करा. वर्गात ३० विद्यार्थी, डमी एक, तास दोन. प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटे येतात. म्हणजे सीपीआरच्या दोन पाळ्या. तेच सहा डमी असतील तर प्रत्येकाला २४ मिनिटे मिळतात. शिक्षक तेच, खोली तीच, अभ्यासक्रम तोच. फरक फक्त पाच आडव्या पुतळ्यांचा. सीपीआरचे कौशल्य काही महिन्यांतच विरू लागते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे, त्यामुळे ही २४ मिनिटेही वर्षातून एकदा पुरत नाहीत. नाव कोरलेल्या विटेने हा हिशेब बदलत नाही.

‘हे तर विद्यापीठाचे काम आहे’

काही वाचक म्हणतील, ‘मुले फी भरतात, सरकार अनुदान देते, मग आम्ही वर्गणी का काढायची?’ तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. जीव वाचवायला शिकवण्याचे साहित्य केक विकून घ्यावे लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे. जे अभ्यासक्रमाचा पाया आहे ते अंदाजपत्रकातच असले पाहिजे.

पण या तत्त्वाचा उपयोग आपण हात झटकायला करतो, हेही खरे आहे. स्कोअरबोर्डला देताना ‘हे विद्यापीठाचे काम’ असे कुणी म्हणत नाही. मग डमीच्या वेळीच हे तत्त्व का आठवते? माझा मार्ग असा: द्या, पण अट घालून द्या. ‘मी पाच डमी देतो, पुढची पाच वर्षे त्यांच्या सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा खर्च विभागाच्या अंदाजपत्रकात दाखवा.’ लेखी घ्या. अशा देणगीमुळे विद्यापीठाची जबाबदारी कमी होत नाही, उलट कागदावर येते. अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. तिथल्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात. तुमची कंपनी तसे करते का, ते विचारा.

‘मैदानावर डॉक्टर असतो, ॲम्ब्युलन्स असते’ हा दुसरा आक्षेप. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली, आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण वर सांगितलेले चार-पाच मिनिटांचे गणित कुठल्याही ॲम्ब्युलन्सला सुटत नाही. ती येईपर्यंतचा वेळ मैदानावरच्या माणसाच्या हातात असतो. आम्ही फिजिशियन मंडळी आयसीयूत कितीही औषधे आणि यंत्रे घेऊन बसलो असलो, तरी दहा मिनिटे उपाशी राहिलेला मेंदू आम्हाला परत आणता येत नाही.

आणि आपल्याकडे?

इथपर्यंत अमेरिकेची गोष्ट झाली. आपल्याकडे ॲथलेटिक ट्रेनर हा वेगळा पेशा रुजलेलाच नाही. त्याचे काम काही ठिकाणी फिजिओथेरपिस्ट करतात. बहुतेक ठिकाणी ते शाळेतल्या पीटीच्या सरांवर किंवा बाईंवर, तालमीतल्या वस्तादांवर आणि कबड्डी संघाच्या प्रशिक्षकावर येऊन पडते. म्हणजे आपल्याकडची ‘ती प्रयोगशाळा’ म्हणजे फिजिओथेरपी कॉलेज आणि शारीरिक शिक्षण महाविद्यालय. तुमच्या गावाजवळच्या अशा महाविद्यालयात जाऊन विचारा: सीपीआरचे डमी किती? त्यातले चालू किती? सरावाचे एईडी आहे का? उत्तराआधीच्या शांततेवरून अंदाज येईल.

गरज नाही असे मात्र म्हणू नका. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपची अंतिम लढत होती. गोव्याच्या धेंपो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर याने मोहन बागानविरुद्ध संघाचा दुसरा गोल केला, त्याच वेळी गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली, आणि तो कोसळला. रुग्णालयात पोहोचूनही तो वाचला नाही. धेंपोने सामना जिंकला. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही तरुण उमेदवारांचा मृत्यू झाला. चर्चा झाली ती अंतर किती असावे आणि चाचणी किती वाजता घ्यावी यावर. ती व्हायलाच हवी होती. पण मैदानाच्या कडेला थर्मामीटर आणि बर्फाचा टब घेऊन शिकलेला माणूस उभा असावा, ही मागणी फारशी ऐकू आली नाही.

शारीरिक शिक्षणाची परंपरा आपल्याकडे लहान नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे. त्यांच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. शरीर कसे घडवायचे हे आपण शंभर वर्षे शिकवत आलो. ते शरीर मैदानावर कोसळले तर काय करायचे, हे शिकवण्यावर मात्र आपला खर्च नाही.

पैसा नाही ही सबब मी ऐकून घेणार नाही. दहीहंडीला लाखांची बक्षिसे लागतात. थरावरून गोविंदा पडला तर त्याची मान कशी धरायची हे खाली उभ्या गर्दीत किती जणांना येते? कुस्तीच्या मैदानात मोठ्या रकमेचे इनाम लावणारा गावात मिळतो. मानेची कॉलर आणि उचलायची फळी मैदानाशेजारी ठेवणारा मिळत नाही. आणि कंपन्यांचे म्हणाल तर २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करायला सांगितले आहे. त्या कामांच्या यादीत खेळ आहेत. पण नीट वाचा: तिथे ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांना चालना देण्यासाठीचे ‘प्रशिक्षण’ असे म्हटले आहे. शिक्षणही त्याच यादीत आहे. कंपनीचा लोगो छापलेले टी-शर्ट वाटणे आणि फ्लेक्स लावणे हा त्याचा सर्वांत आळशी अर्थ झाला.

देण्याआधी हे प्रश्न विचारा

तुम्ही ट्रस्टी असा, माजी विद्यार्थी असा, सीएसआर विभागात असा किंवा मुलाच्या फीबरोबर थोडी देणगी देणारे पालक असा, चेक फाडण्यापूर्वी एवढे विचारा:

१. एका डमीमागे विद्यार्थी किती? पाच-सहापेक्षा जास्त असतील तर आधी डमी.

२. सराव सत्रातून किती वेळा होतो? एकदाच होत असेल तर साहित्याबरोबर वेळापत्रकही मागा.

३. उष्माघातासाठी टब, बर्फाची सोय आणि गुदमार्गातून तापमान घेण्याचे साधन आहे का? टब परवडत नसेल तर जाड ताडपत्रीचे चारही काठ उचलून धरून तिच्यात बर्फाचे पाणी भरता येते, पण ते धरायची तालीम हवी.

४. संपणाऱ्या वस्तूंचा खर्च कोण करणार? उत्तर लेखी हवे.

५. सुट्टीच्या दिवशी ही खोली परिसरातल्या शाळांच्या पीटी शिक्षकांसाठी, तालमींसाठी, मैदानाच्या सुरक्षारक्षकांसाठी उघडणार का? उघडणार असेल तर दुप्पट द्या.

६. एखादे महागडे मशीन मागितले तर विचारा, ‘याने विद्यार्थी नेमके काय शिकेल, जे तो आज शिकू शकत नाही?’ उत्तर मिळाले तर जरूर द्या. ‘शेजारच्या कॉलेजात आहे म्हणून’ असे कानावर आले तर चेकबुक मिटा.

पाटीचा मोह असेल तर पाटीही लावा, माझी हरकत नाही. डमीच्या पेटीवर आजोबांचे नाव घाला. त्या पेटीवर वर्षानुवर्षे मुले गुडघे टेकून घाम गाळतील, मोजत राहतील, चुकतील, शिक्षक ओरडतील, पुन्हा मोजतील. यापेक्षा चांगले स्मारक मला तरी सुचत नाही.

आणि ज्या संस्थाचालकांनी हा लेख इथपर्यंत वाचला त्यांना एक विनंती. पुढच्या क्रीडा महोत्सवाच्या अंदाजपत्रकात चषक, हार-तुरे, मंडप आणि पाहुण्यांच्या जेवणाच्या वर एक ओळ घाला: प्रथमोपचार प्रशिक्षणाचे साहित्य. ती ओळ घालायला जागा नसेल, तर हारांची ओळ खोडा.